कपाटात मावेल असा पीसी: सुटे भाग कुठल्या क्रमाने निवडायचे

तुमची यादी दोनदा वाचली. प्रश्न असा आहे: टीव्हीच्या कपाटातल्या एका खणात बसेल असा छोटा पीसी तुम्हाला स्वतः जोडायचाय. त्यावर मुलीचा कॉलेजचा अभ्यास आणि थोडं प्रोग्रॅमिंग, तुमचं ऑफिसचं काम, घरच्या फोटोंची आवराआवर, सिनेमे आणि अधूनमधून एखादा हलका गेम एवढं व्हायला हवं. खर्च बेताचा. यादीत रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, मिनी-आयटीएक्स (लहान मापाचा) मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, २५६ जीबीची एसएसडी, जोडीला १ टीबीची हार्डडिस्क आणि कॅबिनेटसोबतच (म्हणजे पीसीच्या बाहेरच्या डब्यासोबत) येणारा ५०० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग). ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घ्यायचं. आणि तुम्ही विचारलंय, "प्रोसेसर बरोबर निवडलाय ना?"

निकडीची गोष्ट आधी सांगते, म्हणजे ऑर्डर द्यायची राहिली असेल तर थांबता येईल. रायझेन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही. कार्ड लावेपर्यंत स्क्रीन काळी राहील, मदरबोर्डच्या मागे एचडीएमआय असलं तरी. तुम्हाला हवा आहे तो ५६००जी. शेवटच्या त्या 'जी'मध्येच ग्राफिक्स आहे. इंटेलकडे गेलात तर अक्षराचा खेळ उलटा: आय३-१२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, आय३-१२१००एफ मध्ये नाही. 'एफ' थोडा स्वस्त दिसतो म्हणून लोक तो उचलतात आणि घरी येऊन अडकतात. बिल करण्याआधी हे शेवटचं अक्षर मोठ्याने वाचा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही यादी वरून खाली केली आहे: आधी प्रोसेसर, मग बोर्ड, आणि उरलेल्या पैशांत कॅबिनेट आणि एसएमपीएस. मोठ्या टॉवरमध्ये हे खपून जातं, कारण आत जागा मुबलक असते आणि चूक झाली तरी भाग बसतो. छोट्या पीसीत क्रम उलटा करावा लागतो. आधी खण, मग कॅबिनेट, मग त्यात बसणारा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) आणि एसएमपीएस, मग बोर्ड, आणि एवढी उष्णता त्या जागेतून बाहेर पडू शकते हे कळल्यावर प्रोसेसर. गेली पंधरा वर्षं घरांसाठी आणि छोट्या ऑफिसांसाठी पीसी जोडते आणि दुरुस्त करते. छोट्या पीसीच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत प्रोसेसर कमी पडला अशी क्वचितच असते. तापतो, आवाज करतो, मधेच बंद पडतो, झाकण लागत नाही, अशा असतात.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुम्हाला: किती छोटा हवाय? "छोटा" म्हणजे टेबलावर कमी जागा अडवणारा, की कमी उंचीचा, की एकूणच लहान? कॅबिनेटची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे लिटर मिळतात. ४५ × २१ × ४५ चा नेहमीचा टॉवर साडेबेचाळीस लिटरचा. ३५ × २० × ३७ चं आटोपशीर कॅबिनेट सुमारे २६ लिटरचं. ३३ × २० × १५ चं खरंच छोटं म्हणावं असं, जेमतेम १० लिटरचं. घरी एक करून बघा. ज्या कॅबिनेटवर मन बसलंय त्याच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं बनवा आणि चार दिवस त्या खणात ठेवा. मागे केबल वळायला निदान ६ ते ८ सेंटिमीटर लागतात, तेवढी जागा सोडून ठेवा. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं, त्यांतल्या निम्म्या लोकांनी कॅबिनेट बदललं. कोणाला कळलं की मोठंही चालतं. कोणाला कळलं की खणाचं दार लागत नाही.

हे एवढं का सांगतेय, तर लहानपणाला किंमत मोजावी लागते. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ चा. क्षेत्रफळ निम्म्यापेक्षा कमी, पण त्याच चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) मिनी-आयटीएक्स बोर्ड बहुतेक वेळा महागच पडतो. त्यावर रॅमच्या दोनच जागा आणि कार्डाची एकच. त्याला शोभणारं कॅबिनेट महाग, त्यात बसणारा छोटा एसएमपीएस महाग. तिन्हीकडे थोडं थोडं वाढत जातं आणि ते पैसे रॅम आणि एसएसडीमधून कापले जातात. खर्च बेताचा असेल आणि खणात २० ते २६ लिटरचं कॅबिनेट मावत असेल, तर मी डोळे मिटून मायक्रो-एटीएक्स घ्यायला सांगेन. तेवढं मावतच नसेल, तरच मिनी-आयटीएक्स. खणाचं माप तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे इथे पक्कं उत्तर मला देता येणार नाही.

कॅबिनेट ठरलं की त्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: कूलरची कमाल उंची आणि एसएमपीएसचा प्रकार. पहिल्याबद्दल एक प्रसंग सांगते. एक गृहस्थ पीसी घेऊन आले, तक्रार होती "खर्र खर्र आवाज येतो." बाजूचं झाकण मधोमध फुगलेलं होतं. मागचे दोन स्क्रू अर्ध्या आट्यांवर अडकवलेले. उघडलं तर झाकणाच्या जाळीवर आतून एक चकचकीत गोल घासला गेला होता, पंख्याच्या बरोबर मापाचा. प्रोसेसरसोबत आलेला एएमडीचा रेथ स्टेल्थ कूलर ५४ मिलिमीटर उंच आणि कॅबिनेटची मर्यादा ५० ची. चार मिलिमीटर. कूलर फुकट मिळाला म्हणून लावला आणि झाकण दाबून बसवलं. असं झालं की कमी उंचीचा कूलर वेगळा घ्यावा लागतो. उदाहरणार्थ नॉक्टुआचा एनएच-एल९ए ३७ मिलिमीटरचा आहे, पण त्याची किंमत बघितलीत की वाटेल, यापेक्षा थोडं रुंद कॅबिनेट घेतलं असतं तर बरं. म्हणून सोबतचा कूलर बसेल असंच कॅबिनेट निवडा आणि वर निदान १० मिलिमीटर हवा खेळायला राहू द्या. पंखा जाळीला चिकटून असेल तर तो ओढणार काय?

एसएमपीएसवर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे सगळेच काटकसर करतात आणि हीच काटकसर सगळ्यात महाग पडते.

तुमच्या यादीतला ५०० वॅटचा, कॅबिनेटसोबतचा. तो हातात घेऊन त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचा. त्यावर एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली वीज १२ व्होल्टच्या रेषेवरूनच घेतात. तिथला आकडा १२ ने गुणा. मागच्या महिन्यात माझ्यासमोर असाच एक होता: वर मोठ्या अक्षरात ५००, खाली १२ व्होल्टला १८ अँपिअर. म्हणजे २१६ वॅट. बाकीचे वॅट ज्या रेषांवर दाखवले होते, त्यांचा आजच्या पीसीला फारसा उपयोग नाही. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टचे वॅट जवळजवळ एकूण वॅटांइतकेच असतात. '८० प्लस'चं चिन्ह असेल तर निदान त्याने भिंतीतून घेतलेल्या विजेतली ८० टक्क्यांहून जास्त पुढे पोचते, बाकीची उष्णता होऊन वाया जाते. बंद खणातल्या छोट्या डब्यात ही उरलेली उष्णता मोजावीच लागते.

आणि तुम्हाला लागतात किती वॅट? ५६००जी वर ६५ वॅट लिहिलंय, प्रत्यक्षात तो ८८ वॅटपर्यंत खेचू शकतो. आय३-१२१०० ची मूळ मर्यादा ६०, कमाल ८९. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून पूर्ण भारावरही सगळा पीसी साधारण सव्वाशे वॅटच्या आसपास राहतो. म्हणजे ग्राफिक्स कार्ड नसताना ३०० वॅटचा प्रामाणिक एसएमपीएसही पुरून उरतो. पुढे कार्ड लावायचं मनात असेल तर ४५० चा घ्या. ५०० की ६०० हा वाद सोडा. माहितीच्या कंपनीचा, निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा, एवढंच बघा. वापरलेला तर अजिबात घेऊ नका. बाकी कुठलाही भाग मी जुना घेईन, हा नाही.

आकाराचं म्हणाल तर नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० × १४० × ८६ मिलिमीटरचा, म्हणजे १.८ लिटर. एसएफएक्स १२५ × १०० × ६३.५ चा, म्हणजे ०.८ लिटर. अगदी छोट्या कॅबिनेटमध्ये हा एक लिटर वाचवावाच लागतो, पण एसएफएक्सचा पंखा लहान असतो आणि तेवढीच हवा ढकलायला तो जास्त जोरात फिरतो. शांतता महत्त्वाची असेल तर एटीएक्स एसएमपीएस घेणारं कॅबिनेट बरं. आणि मायक्रो-एटीएक्सची बहुतेक कॅबिनेट तो घेतातच.

इथपर्यंत आलात की प्रोसेसर जवळजवळ आपोआप ठरतो. तुमच्या कामांसाठी ५६००जी (६ कोअर, १२ थ्रेड) भरपूर आहे. आय३-१२१०० (४ कोअर, ८ थ्रेड) सुद्धा अभ्यास, ऑफिस आणि सिनेमांना कुठेही अडणार नाही. फरक गेममध्ये आहे. ५६००जी मधलं ग्राफिक्स इंटेलच्या त्या आय३ मधल्यापेक्षा बरंच ताकदीचं आहे, त्यामुळे कार्ड न घेता हलके गेम खेळायचे असतील तर माझं मत त्याच्या बाजूने. गेम हा विषय खरंच "अधूनमधून"चा असेल, तर दोघांपैकी जो बोर्डासकट स्वस्त मिळेल तो.

"जुनं तंत्रज्ञान घ्यायचं का?" हे तुम्ही विचारलं नाही, पण दुकानदार नक्की काढेल. ५६००जी चं सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एएम४ आणि रॅम डीडीआर४. एएमडीचं पुढचं सॉकेट एएम५ २०२२ मध्ये आलं, ते डीडीआर५ घेतं. त्यावरचा ८६००जी आणखी चांगलं ग्राफिक्स देतो आणि पुढे प्रोसेसर बदलायची वाट मोकळी ठेवतो. पण बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर तिन्ही वरच्या दराने घ्यावे लागतात. माझ्याकडचे घरगुती ग्राहक प्रोसेसर बदलायला म्हणून क्वचितच परत येतात. सहा-सात वर्षं वापरतात आणि मग सगळंच नवं घेतात. ज्याला बदलत राहायची हौस आहे त्याने एएम५ घ्यावं. तुमच्या वर्णनावरून तुम्ही तसे वाटत नाही. इंटेलच्या बोर्डाबाबत एक खबरदारी: बाराव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी जवळपास एकाच नावाचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात. दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

रॅमवरून तुमच्या यादीतली दुसरी मोठी दुरुस्ती. १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. कारण असं: प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच वाटा घेतं आणि तिच्याच वेगावर चालतं. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या दोन चॅनेलवर ५१.२. टायपिंगमध्ये फरक जाणवणार नाही. गेममध्ये लगेच जाणवतो. मी एकदा ५६००जी वर दुसरी पट्टी बसवून दिली तेव्हा मालकाच्या मुलाला वाटलं की मी गुपचूप कार्डच लावून दिलंय. तोटा एवढाच की दोनच जागा असलेल्या बोर्डावर उद्या ३२ करायचे झाले तर दोन्ही पट्ट्या काढाव्या लागतात. चार जागांचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड मिळाला तर तीही अडचण नाही. आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन रॅमचं प्रोफाइल (तिच्या वेगाची तयार नोंद) चालू करायला विसरू नका, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगावरच चालत राहते.

स्टोरेजमध्ये हार्डडिस्क पूर्ण काढून टाका. छोट्या कॅबिनेटमध्ये ती जागा अडवते, तापते आणि लाकडी खणात तिची घरघर घुमते. त्याऐवजी १ टीबीची एकच एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, एम.२ २२८० मापाची. २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, थेट बोर्डावर, एकही केबल नाही. एम.२ च्या जागेत साटा प्रकारची एसएसडीही असते, तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंतच. पीसीआयई (बोर्डावरचा वेगवान जोड) ३.० ची एनव्हीएमई ३,५०० च्या आसपास जाते आणि ५६००जी तेवढंच घेऊ शकतो, म्हणून ४.० किंवा ५.० च्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. त्याऐवजी क्यूएलसीपेक्षा टीएलसी चिपची आहे ना, ते बघा (हे मेमरी चिपचे दोन प्रकार, टीएलसी जास्त टिकते). जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर ठेवा, तसाही बॅकअप वेगळ्याच जागी असायला हवा.

बोर्डावर मी फार वेळ घालवत नाही. चार गोष्टी तपासते. एम.२ ची जागा एनव्हीएमई घेते का. वाय-फाय आहे का (स्वस्त बोर्डांवर बहुधा नसतं). या प्रोसेसरसाठी बायोस अद्ययावत करावं लागेल का, कारण बी४५० सारख्या जुन्या चिपसेटच्या बोर्डांचा दुकानातला साठा ५६००जी ओळखणार नाही असंही होतं. आणि चौथी, तुम्ही टीव्हीला जोडणार म्हणून महत्त्वाची: एचडीएमआय कुठल्या आवृत्तीचं आहे. १.४ असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमवरच थांबतं आणि माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. २.० हवं, म्हणजे ६०.

पुढच्या वर्षीच्या कार्डाचं: छोट्या कॅबिनेटसाठी अर्ध्या उंचीची कार्डं मिळतात आणि बोर्डाच्या जागेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, वेगळी केबल लागत नाही. पण आरएक्स ६४०० सारखं कार्ड फक्त चार पीसीआयई मार्गिका (डेटा जाण्याच्या वाटा) वापरतं आणि ५६००जी वर ते ३.० च्या वेगाने चालेल, म्हणजे काही गेममध्ये मार खाईल. कार्ड नक्की घ्यायचंच असेल तर तुमच्या मूळ यादीतला ५६०० योग्य ठरतो, पण मग कार्ड पहिल्या दिवशीच हवं. माझा सल्ला, सहा महिने कार्डाशिवाय वापरून बघा.

आणि खणाबद्दल. एक पीसी माझ्याकडे तीनदा आला, "सिनेमा चालू असताना बंद पडतो" म्हणून. माझ्या टेबलावर एकदाही बंद पडला नाही. शेवटी त्यांच्या घरी गेले. काचेचं दार, मागे सलग फळी, वर सेट-टॉप बॉक्स. तापमान बघत बसले तर पाऊण तासात प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे, आणि ५६००जी ची मर्यादा ९५. दार उघडलं तर वीस मिनिटांत ७४ वर आला. मागच्या फळीला दोन मोठी भोकं पाडून दिली आणि बायोसमध्ये प्रोसेसरला ४५ वॅटची मर्यादा घातली. रोजच्या कामात त्यांना वेग कमी झालेला कळलाही नाही. पुढे तो पीसी परत आलेला नाही. तुमच्या खणाला मागे फळी असेल तर हे आधीच करून घ्या.

एक पर्याय प्रामाणिकपणे सांगायला हवा. स्वतः जोडण्याची हौस नसेल आणि गेमचा आग्रह नसेल, तर कार्यालयांतून निघालेले एक लिटरचे छोटे पीसी (लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी) चांगल्या स्थितीत मिळाले तर सुटे भाग घेण्यापेक्षा स्वस्त पडतात आणि त्यांची रॅम, एसएसडी बदलता येते. फक्त इंटेल आठवी पिढी किंवा रायझेन २००० मालिकेच्या आधीचा प्रोसेसर घेऊ नका, कारण विंडोज ११ त्याआधीच्यांना अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. लिनक्स वापरणार असाल तर ही अट नाही.

म्हणजे तुमची यादी आता अशी: खणात मावणारं २० ते २६ लिटरचं मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट, ४५० वॅटचा चांगला एटीएक्स एसएमपीएस, एएम४ चा साधा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ५६००जी सोबतच्या कूलरसह, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबी एनव्हीएमई.

भाग आले की लगेच कॅबिनेटमध्ये कोंबू नका. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएसडी लावा, एसएमपीएस बाहेरूनच जोडा आणि बायोस दिसतंय का बघा. दिसलं की मग आत बसवा. आणि बोर्ड आत सरकवण्याआधी वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनांची केबल ओढून ठेवा, नंतर तिथे बोट शिरत नाही. खणाची खोली, रुंदी आणि उंची मोजून कळवा, मागे फळी आहे का तेही. मग कॅबिनेटची दोन-तीन नावं सांगते.